कागद त्यांच्या नावावर, कुत्री तुमच्या दारात

सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव छापू नका म्हणाल्यात. पत्र चार पानी आहे, मुद्द्यापुरतं इथे देतो.

"आमच्याकडे लॅब्रॅडॉर मादी आहे, जिनी. आता १४ महिन्यांची आहे. नणंदेच्या दिरांच्या ओळखीतले एक ब्रीडर, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून विकणारे, आहेत, त्यांच्याकडून ती ४० दिवसांची असताना आणली. २५ हजारांचं पिल्लू त्यांनी १५ हजारांत दिलं, पण एका छापील करारावर आमच्या दोघांच्या सह्या घेतल्या. पहिल्या दोन वेतांत त्यांना दोन-दोन पिल्लं द्यायची, नर कुठला ते ते ठरवणार, केनेल क्लबचे पेपर तोपर्यंत त्यांच्याच नावावर राहणार, आणि जिनीचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन केलं तर एक लाख रुपये दंड. पावती वेगळी आहे, तिच्यावर 'लॅब्रॅडॉर मादी विकली, १५,००० रुपये पूर्ण मिळाले' एवढंच लिहिलंय. जिनी एकदा हीटवर, म्हणजे माजावर, येऊन गेली. आता पुन्हा येईल तेव्हा आणून सोडा म्हणून त्यांचे रोज फोन चालू आहेत. ती लंगडते म्हणून मिरजेच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. डावा खुबा सैल आहे, हिला पिल्लं होऊ देऊ नका म्हणाले. मला ऑपरेशन करायचंय. मिस्टर म्हणतात, शब्द दिलाय, सही केलीय, आणि पेपर त्यांच्या नावावर म्हणजे कुत्री त्यांचीच. ते जिनीला घेऊन जाऊ शकतात का? करार साध्या कागदावर आहे, स्टॅम्प नाही. मग तो चालत नाही ना?"

ताई, आधी तुमची झोप उडवणारा प्रश्न निकालात काढू. जिनी तुमची आहे. ते तिला उचलून नेऊ शकत नाहीत, आणि तुमच्या संमतीशिवाय दारातून नेलीच तर ती चोरी होईल. त्यांचं तुमच्याकडे काही येणं निघत असेल तर ते पैशाचं आहे, आणि तेही लाखाचं नाही.

मिस्टरांचा जो समज आहे तो फार जणांचा असतो, म्हणून पेपरबद्दल जरा सविस्तर सांगतो. केनेल क्लब ऑफ इंडिया ही श्वानप्रेमींची संस्था आहे, मुख्यालय चेन्नईला. सरकारी खातं नव्हे. तिच्या प्रमाणपत्रावर कुत्र्याचे आई-बाप आणि त्यांच्या मागच्या पिढ्या, जन्मतारीख, रंग, ब्रीडरचं नाव आणि कातडीखाली टोचलेल्या मायक्रोचिपचा १५ आकडी नंबर असतो. मालकाचं नावही असतं, आणि घोळ तिथेच होतो. हे कुत्रं कोणत्या वंशातलं आणि त्याच्याबाबत क्लबच्या दफ्तरी कोणाची सही चालेल, एवढंच तो कागद सांगतो. कुत्रं कोणाचं, हे ठरवायला माल विक्री अधिनियम, १९३० आहे. ऐकायला बरं वाटत नाही, पण कायद्याच्या लेखी जिनी जंगम माल आहे, आणि असा माल विकत घेणाऱ्याचा कधी होतो ते विकणाऱ्या-घेणाऱ्याच्या त्या वेळच्या इराद्यावरून ठरतं. तुमच्या पावतीवर 'विकली' आहे, 'पूर्ण मिळाले' आहे, पिल्लू हातात दिलेलं आहे, लसींच्या पुस्तकात तुमचं नाव आहे आणि वर्षभर खाऊ-पिऊ तुम्ही घातलंय. यापेक्षा स्पष्ट इरादा काय असायचा? ती पावती जपून ठेवा. छापील करारापेक्षा तो चतकोर कागद तुमच्या जास्त कामाचा आहे.

मग पेपर अडवून त्यांनी काय साधलं? मादीचे पेपर मालकाच्या नावावर नसतील तर तिच्या पिल्लांची नोंदणी त्या मालकाला करता येत नाही. नर आणि मादी दोघंही नोंदलेले लागतात, नराच्या मालकाची मेटिंगबद्दल सही लागते, आणि मादीच्या बाजूने सही करणारा नोंदणीतला मालक असावा लागतो. म्हणजे तुम्ही परस्पर दुसरा नर लावून 'विथ पेपर' पिल्लं विकू नयेत, हा त्यांचा बंदोबस्त. तुम्हाला पिल्लंच नको आहेत, त्यामुळे तो बंदोबस्त तुमच्यापुरता निरर्थक आहे. आणि पेपर नसले म्हणून जिनीचं काही कमी होत नाही. आपल्याकडची कारवानी कुत्री लातूर-सोलापूरपासून खाली मुधोळपर्यंतच्या वाड्या-वस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या कागदाविना जपली गेली. कोणाच्या वस्तीवरची एवढं सांगितलं की पुरे होई. क्लबाने त्यांना कॅरव्हान हाउंड म्हणून वहीत घेतलं ते पुष्कळ नंतर.

तरीही पेपर नावावर करून घ्याच, पण कारण वेगळं आहे. चिपचा नंबर त्या नोंदणीला जोडलेला आहे. उद्या जिनी हरवली, कोणी दवाखान्यात नेऊन चिप वाचली आणि नंबराचा माग काढला, तर फोन त्यांना जाईल. ज्यांच्याशी वाद चाललाय त्यांच्याकडे आपली हरवलेली कुत्री पोचावी, हे तुम्हाला चालणार नाही.

आता करार. तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून वाचला. अकराव्या कलमात लिहिलंय की वाद उद्भवल्यास ओहायो राज्याचा कायदा लागू राहील. ताई, ओहायो अमेरिकेत आहे. कोणीतरी तिकडचा नमुना उतरवून घेतला, मधली दोन-चार कलमं आपल्या सोयीने बदलली आणि शेवट तसाच ठेवला. हसण्यावारी नेऊ नका, कारण जे बदललंय ते महत्त्वाचं आहे. अमेरिकन केनेल क्लबात 'लिमिटेड रजिस्ट्रेशन' नावाचा प्रकार आहे. पिल्लाची नोंद होते, पण त्याच्या पुढच्या पिल्लांची होत नाही, आणि ती अट फक्त ब्रीडरच उठवू शकतो. ब्रिटनमध्येही नोंदणीवर तसा शेरा मारतात, आणि तो टिकायला ग्राहकाला आधी कल्पना होती असं त्याच्या सहीनिशी दाखवावं लागतं. दोन्हीकडे ब्रीडरची चिंता एकच, आपल्याकडून गेलेल्या पिल्लाची कोणीही उठून पैदास करू नये. घरी पाळायला दिलेल्या पिल्लाचं ऑपरेशन करून घ्या, असं तिकडचे पुष्कळ करार उलट बजावतात. तुमच्या ब्रीडरसाहेबांनी तोच साचा फिरवला आणि पैदास केलीच पाहिजे, ऑपरेशन कराल तर दंड, असं करून टाकलं.

आपल्याकडचा कायदाही तिकडच्याच बाजूला झुकतो. २३ मे २०१७ ला केंद्र सरकारने श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम काढले, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली. त्यांत ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. फी ५,००० रुपये, मुदत दोन वर्षं. मादी १८ महिन्यांची होईपर्यंत तिला नर लावायचा नाही, आठ वर्षांनंतर लावायचा नाही, वर्षाला एकच वेत, आणि जन्मात पाचच्या वर नाही. लावण्याआधी ती निरोगी असल्याचा पशुवैद्याचा दाखला हवा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. सहा महिन्यांवरचं कुत्रं ऑपरेशन झाल्याशिवाय विकायचं नाही, अपवाद फक्त दुसऱ्या नोंदणीकृत ब्रीडरचा. जिनी तुमच्या घरी ४० दिवसांची आली. म्हणजे पहिला नियम तिथेच मोडला. आता १४ महिन्यांची असताना 'आणून सोडा' म्हणतात, तो दुसरा मोडायची तयारी.

करार साध्या कागदावर आहे, यावर भिस्त ठेवू नका. स्टॅम्प नाही म्हणून करार रद्द होत नाही. कोर्टात पुरावा म्हणून दाखवायच्या आधी मुद्रांक शुल्क आणि त्यावरचा दंड भरला की तो कागद पुढे येतो. सही तुमच्या दोघांची आहे, ती नाकारूही नका. पण सही केली म्हणून त्यातलं सगळंच तुम्हाला बांधतं असंही नाही. ज्या गोष्टीला कायद्याची मनाई आहे ती करायचं वचन भारतीय करार अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे मुळातच शून्य ठरतं. त्यामुळे येत्या हीटला जिनी द्यायला तुम्ही बांधलेल्या नाही, विषय संपला. चार महिन्यांनी ती १८ महिन्यांची होईल तेव्हा वयाची अडचण सुटेल, पण निरोगी असल्याचा दाखला कुठला डॉक्टर तो एक्स-रे बघून देणार आहे?

एक लाखाचं कलम वाचून तुम्ही घाबरलात हे पत्रातून दिसतं. करारात दंड कितीही लिहिला तरी कोर्ट तो जसाच्या तसा वसूल करून देत नाही. त्याच करार अधिनियमाचं कलम ७४ सांगतं की लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, तिच्या आत वाजवी भरपाई. १५ हजारांच्या पिल्लावर लाखाचा दंड वाजवी आहे हे त्यांना पटवून द्यावं लागेल. आणि कुत्रीला नर लावाच असा हुकूम कोर्ट देत बसत नाही. प्रश्न आला तर पैशाचा येईल.

आता तुम्हाला जरा न आवडेल असं. ब्रीडरसाहेबांचं सगळंच चुकलेलं नाही. तुम्ही १० हजारांची सूट घेतलीत आणि कशापोटी घेतोय हे तेव्हा माहीत होतं. पूर्ण किंमत देऊन बिनअटीचं पिल्लू घेता आलं असतं. मिस्टर 'शब्द दिलाय' म्हणतात त्यात तथ्य आहे, फक्त तो शब्द जिनीच्या अंगावर फेडायचा नाही, खिशातून फेडायचा.

आपल्या भागात शेळी वाट्याने देतात, ते तुम्ही पाहिलं असेल. शेळी मालकाची, सांभाळणारी दुसरीच कोणी, करडं निम्मी-निम्मी. ब्रीडरसाहेबांचा व्यवहार वरवर तसाच दिसतो, आणि मला वाटतं त्यांच्या डोक्यातही तोच असावा. पण वाट्याने शेळी देणारा सांभाळणारीकडून पैसे घेत नाही, आणि शेळी मेली तर ती त्याची जाते. इथे १५ हजार आधी घेतले, खाणं तुमचं, लसी तुमच्या, बाळंतपण तुमच्या घरी, सिझेरियन करावं लागलं तर बिल तुमचं, जिनीचं बरंवाईट झालं तर तेही तुमच्या कपाळी. पिल्लं मात्र त्यांनी आधी उचलायची. दोनच झाली तर दोन्ही त्यांची. करारात त्यावर चकार शब्द नाही. विकायची तर विकावी आणि वाट्याने द्यायची तर वाट्याने द्यावी. दोन्हीकडचं गोड तेवढं एका कागदात घालायचं, हे मला पटत नाही.

खुब्याबद्दल डॉक्टरांनी सांगितलंच आहे, मी फक्त पैदाशीच्या अंगाने जोडतो. लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याचा हा दोष बराच आढळतो आणि त्यात आनुवंशिकतेचा भाग मोठा आहे. वाढीच्या वयातलं जास्त वजन आणि घरातली गुळगुळीत फरशी यांनी तो बळावतो, पण मूळ बरेचदा वंशात असतं. म्हणून जातिवंत पैदास करणारे आधी नर-मादीच्या खुब्यांचे एक्स-रे काढतात आणि असा दोष दिसला तर ती मादी स्वतःहून बाद करतात. जिनीच्या आई-बापाचे एक्स-रे काढले होते का, हे त्यांना एकदा विचाराच. उत्तरापेक्षा उत्तर देताना ते काय करतात यावर लक्ष ठेवा. हा दोष असूनही पिल्लं काढून ती लोकांना विकायची असतील तर त्यांच्याशी फार आदराने बोलायचं कारण उरत नाही.

भरपाईसाठी ग्राहक आयोगात जाऊ का, असं तुम्ही पत्राच्या समासात लिहिलंय. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तेव्हा जाता येईल. पण दोष विकतानाच होता हे सिद्ध करणं या आजारात अवघड असतं. माझं मत, नको. तुम्हाला यातून मोकळं व्हायचंय, अडकायचं नाही.

तर आता काय करायचं. पहिलं काम आज. जिनी हीटवर आली की साधारण तीन आठवडे तिला एकटीला अंगणात सोडू नका, फिरायला नेताना साखळी हातात, आणि 'दोन दिवस आमच्याकडे ठेवा, मेटिंग नाही करणार' असं कोणी म्हटलं तरी द्यायची नाही. लग्नकार्याला बाहेरगावी जाताना सुद्धा त्यांच्या केनेलवर ठेवू नका.

नंतर, डॉक्टरांकडून लेखी घ्या. एक्स-रेची तारीख, खुब्याची स्थिती, आणि ही मादी प्रजननासाठी योग्य नाही हे वाक्य, सही-शिक्क्यासह. त्याचा फोटो ब्रीडरसाहेबांना व्हॉट्सॲपवर पाठवा आणि खाली चार ओळी लिहा: जिनी पैदाशीला योग्य नाही, वयही बसत नाही, तेव्हा पिल्लांची अट पाळता येणार नाही, तुम्ही दिलेली १० हजारांची सूट परत करायला आम्ही तयार आहोत, पेपर आमच्या नावावर करून द्यावेत. वाद घालू नका, टोमणा मारू नका, आणि यानंतर फोनवर बोलणं कमी करा. ते फोन करतील, तुम्ही मेसेजमध्ये उत्तर द्या.

मग नणंदेच्या दिरांना घेऊन भेटायला जा. त्यांनी ओळख काढून दिली, आता मिटवायलाही त्यांनीच बसावं. मिस्टरांनाही सोबत न्या, कारण त्यांना जे बोचतंय ते पेपरचं नसून शब्दाचं आहे, आणि पैसे हातावर ठेवताना ते स्वतः असले तर ती बोच जाईल. भेटीत एकच प्रश्न सहज विचारा: प्राणी कल्याण मंडळाच्या नोंदणीचा तुमचा नंबर काय? नोंदणी प्रमाणपत्र केनेलमध्ये दिसेल असं लावायचं असतं, तेव्हा असेल तर लगेच दाखवतील. नसेल तर विषय तिथेच सोडा. त्यांना कळायचं ते कळेल. तक्रार करीन म्हणून पहिल्याच भेटीत धमकावू नका. ऐकलंच नाही तर जिल्ह्याच्या पशुसंवर्धन उपायुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार देता येते, ते कुठे जात नाही.

ते दहावर राजी झाले नाहीत आणि पंधरा मागितले तर माझ्या मते द्या. एका पिल्लाची किंमत मागितली तर घासाघीस करा. त्यापुढे गेले तर उठून या.

ठरलं की ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर अर्ध्या पानाचं लिहून घ्या. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा चालत नाही. जुना करार दोघांच्या संमतीने रद्द, इतकी रक्कम मिळाली, जिनीवर आणि तिच्या प्रजननावर ब्रीडरचा कसलाही हक्क नाही, आणि चिपचा नंबर. साक्षीदार म्हणून दिरांची सही. पैसे रोख न देता खात्यावर टाका, आणि क्लबच्या नावबदलाच्या फॉर्मवर त्यांची सही समोर झाल्यावरच टाका. 'फॉर्म नंतर पाठवतो' हे वाक्य या धंद्यात फार चालतं.

ऑपरेशनची घाई या महिन्यात करू नका. हीट जवळ आलेली किंवा चालू असताना गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून डॉक्टर ती ओसरल्यावर दोन-तीन महिने थांबायला सांगतात. तोवर मिटवामिटवीही होऊन जाईल, आणि तोपर्यंतच्या काळात वजन आटोक्यात ठेवलंत तर खुब्यालाही बरं. ऑपरेशनने पुढे वयात गर्भाशयात पू होण्याचा धोकाही टळतो.

जाता जाता इतर वाचकांसाठी. ताईंची पावती 'विकली' म्हणते म्हणून मी इतक्या ठामपणे बोलू शकलो. तुमच्या कागदावर 'को-ओनरशिप' (दोघांची सामाईक मालकी) किंवा 'अटी पूर्ण होईपर्यंत मालकी ब्रीडरची' असं असेल तर हे उत्तर जसंच्या तसं लागू पडणार नाही. तो कागद सही करण्याआधी वकिलाला दाखवा, नंतर नको. आणि नर घरी असलेल्यांनी लक्षात ठेवा, 'मेटिंगचे पैसे नको, एक पिल्लू द्या' असं तोंडी ठरवता तेव्हा एकच पिल्लू झालं तर कोणाचं, मादी रिकामी गेली तर पुढच्या हीटला फुकट का, आणि नोंदणीची सही कधी, हे तीन प्रश्न त्याच दिवशी मेसेजमध्ये लिहून टाका.

ताई, तुम्ही पत्रात शेवटी विचारलंय की पेपरवर जिनीचं नाव भलतंच लांबलचक इंग्रजी आहे, ते बदलता येईल का. राहू द्या. ती हाकेला जिनी म्हणूनच येते.